खरं चायनीज, खोटं चायनीज

मागच्या दिवाळीत राजुऱ्याला गेलो होतो तेव्हा एक आगाऊपणा करून बसलो. तो अजून मनातून जात नाही, म्हणून या शनिवारी कोड बाजूला ठेवून हे लिहितोय.

माझा एक शाळेतला दोस्त गावात चायनीजची गाडी लावतो. लाल गाडी, वर ड्रॅगन, खाली 'हक्का नूडल्स, मंचुरियन, ट्रिपल राईस'. संध्याकाळी कोळसा खाणीतली शिफ्ट सुटली की ही गर्दी! बारावीनंतर मी इंजिनियरिंगला गेलो आणि तो नागपुरात दुसऱ्याच्या गाडीवर कोबी चिरायला लागला. सहा वर्षांनी स्वतःची गाडी घेऊन परत आला. तर त्या संध्याकाळी दहा-बारा गिऱ्हाइकांसमोर मी त्याला ऐकवलं, "हे खरं चायनीज नाही बे. खरं तं मी सिंगापूरला खाऊन आलो."

तो कढई हलवत राहिला. मग एवढंच म्हणाला, "तू तिकडं खाऊन आला म्हनून आमचं खोटं झालं का बे?"

आता सिंगापूरची गोष्ट. कंपनीने तीन महिने तिकडे पाठवलं होतं. एका रविवारी कलीग ज्या हॉटेलात घेऊन गेला, तिथे 'चायनीज' हा शब्दच नव्हता. शिआनचं खाणं, एवढंच. शिआन म्हणजे वायव्य चीनमधलं प्राचीन राजधानीचं शहर, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. गव्हाच्या पिठाचा गोळा दोन्ही हातांनी ताणून, ओट्यावर फटाफट आपटून केलेली, कमरेच्या पट्ट्याएवढी रुंद नूडल. आपटण्याच्या त्या आवाजावरूनच म्हणे तिचं नाव पडलं, बियांगबियांग. हे नाव लिहायचं चिनी अक्षर पन्नासहून जास्त रेघांचं आहे. आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी गंमत म्हणजे युनिकोडमध्ये त्याला जागा मिळायला २०२० साल उजाडावं लागलं!

उकडलेल्या नूडल्सवर लाल तिखट, लसूण आणि कांद्याची पात ठेवली नि वरून कडकडीत तेल ओतलं. चर्रर्र... अहो, ही तर फोडणी! सोबत जिरं घातलेलं मटण. मी सोया सॉसची वाट बघत बसलो होतो आणि समोर आलं ते माझ्या आजीला पहिल्या घासाला कळलं असतं.

तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. 'चायनीज' नावाचं एक जेवण नसतंच. ढोबळमानाने उत्तरेला गहू, दक्षिणेला भात, आणि पुढे गावागणिक वेगळं. आपल्याकडे नाही का, झाडीपट्टीत भात आणि वऱ्हाडात ज्वारी? पुण्यात कुणी लाल तेल तरंगणारी वाटी पुढे करून 'विदर्भ स्पेशल' म्हणालं की मी चिडतो. सावजी नागपूरच्या हलबा कोष्टी समाजाचं, वडाभात आमच्या चंद्रपूरकडचा, सगळं एका वाटीत कसं मावेल? मग तेवढाच मान शिआनला द्यायला हवा.

इथवर माझं बरोबर होतं. चुकलो ते पुढे. शिआनचं खरं आहे म्हणून राजुऱ्याचं खोटं, हे गणित मी कुठून काढलं?

परत आल्यावर त्या गाडीवरचा 'हक्का' शब्द शोधत बसलो. मला वाटायचं की हा नूडल्सचा प्रकार असेल. हक्का ही माणसं आहेत, मंडळी! मूळचा दक्षिण चीनमधला हा समाज. त्यातले बरेच जण कोलकात्यात आले, टांग्रा भागात चामड्याचे कारखाने चालवू लागले, आणि आपल्या हिरव्या मिरच्या-आल्याला सोया सॉसची जोड देत एक नवंच जेवण उभं राहिलं. १९६२ चं युद्ध झालं तेव्हा आसाम, दार्जिलिंग वगैरे भागांतल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना पकडून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. काही जण तिथे चार-पाच वर्षं होते. गुन्हा? चेहरा. पुढे कित्येक कुटुंबं देश सोडून गेली. त्यातली काही टोरोंटोत स्थिरावली आणि तिथे 'हक्का' पाटीच्या हॉटेलात आज काय मिळतं? चिली चिकन! आता हे खरं की खोटं, सांगा.

मंचुरियनचंही तसंच. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं असं सांगतात. मंचुरियाशी त्याचा संबंध नावापुरता. म्हणजे हा पदार्थ आपल्याकडेच जन्मला, आपल्याकडेच वाढला.

आणि अस्सलपणाच्या गप्पा राजुरेकराने तर मारूच नयेत. आमचा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ ला नांदेडमध्ये गेला, १९५९ ला चांद्यात आला. घरी अंबाडीची भाजी, शेजारी तेलुगू. आम्ही अस्सल कुठले?

माझं म्हणणं इतकंच. संधी मिळाली तर शिआनचं जेवण जरूर खा, आणि ते शिआनचं म्हणूनच खा. पण त्याची काठी करून गावातल्या गाडीवाल्याला बडवू नका. तोही पोटासाठी शिकलेली कलाच दाखवतोय. दोन्ही ठिकाणी कुणीतरी आपल्या माणसांच्या जिभेसाठी रांधतंय, एवढं ओळखलं तरी पुरे.

संक्रांतीला पुन्हा गेलो. गर्दी असतानाच गाडीवर गेलो, कारण चूक गर्दीतच केली होती. "तेव्हा चुकलं बे माझं," म्हटलं, आणि हक्का लोकांची गोष्ट सांगितली. देवळीचं ऐकून त्याचा हात जरा थांबला. मग प्लेट पुढे सरकवत म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट हाये तं प्लेटमागं दहा रुपये वाढवाले पायजे."

आणि वाढवले. सुरुवात माझ्यापासूनच केली :)