केळी बंद

जळगाव-धुळ्याकडे मधुमेहाचं निदान झालं की औषधांच्या चिठ्ठीसोबत बऱ्याचदा पथ्याचा छापील कागद मिळतो. त्यातली एक ओळ बहुधा ठरलेली : केळी बंद. रावेरच्या बागायतदाराला तीच ओळ, त्याच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुरालाही तीच. वजन किती, मूत्रपिंडं कशी आहेत, दिवसभरात पोटात काय जातं, हे कोणी विचारलेलं नसतं. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथे हा निर्णय छापखान्यात होतो.

मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 25 ते 27 ग्रॅम कर्बोदकं असतात. ज्वारीच्या एका जाड भाकरीत त्याहून बरीच जास्त. भाकऱ्या किती खाता, हे मात्र कागद विचारत नाही. नुसत्या ज्वारीच्या की कळण्याच्या, हेही नाही. कळण्यासाठी ज्वारीबरोबर उडीद दळला की भाकरीतली प्रथिनं वाढतात, हे आहार ठरवणाऱ्याला ठाऊक असायला हवं. केळ्याचे तळलेले वेफर सावदा-फैजपूरकडे घरोघरी खाल्ले जातात. त्यांचा उल्लेखही नसतो.

इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 800 जणांच्या रक्तातली साखर आठवडाभर सतत मोजली. 2015 मध्ये निष्कर्ष आले. त्यात एकाची साखर केळं खाल्ल्यावर झपाट्याने चढली, बिस्किटाने फारशी हलली नाही. दुसऱ्याचं नेमकं उलटं झालं. म्हणजे ‘केळी बंद’ हा सल्ला काहींसाठी अगदी योग्य असेल. मूत्रपिंडं निकामी होत आलेल्या रुग्णाला तर केळ्यातलं पोटॅशियम धोक्याचंच. पण मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला तेच पोटॅशियम सहसा उपकारक ठरतं. आदिवासी पाड्यांवरच्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडं किंवा केळी दिली जातात, तीही पोषण म्हणूनच.

त्या मजुराचं काय होतं, ते पाहा. केळीची कापणी पहाटे सुरू होते. गोळी घेऊन तो उपाशीपोटी बागेत जातो. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी उपाशीपोटी, कष्टाच्या कामात साखर धोकादायकरीत्या उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, भोवळ येते. हाताशी असलेलं फळ कागदाने बंद केलेलं. गोळी किती वाजता घ्यायची, त्याआधी काय खायचं, दुपारच्या डब्यात काय न्यायचं, हे त्याच्या कामाच्या वेळा विचारून ठरवणं, हा त्याचा आहारोपचार. साखर उतरलीच तर आधी साखरेचं पाणी प्यायचं, हेही त्याला कोणीतरी सांगायला हवं.

व्यक्तिगत आहार म्हटलं की हल्ली जनुकचाचण्या आणि हजारो रुपयांची पॅकेजं पुढे केली जातात. इथे त्यांची गरज नाही. केळं खाण्याआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा ग्लुकोमीटरवर साखर बघावी. असं चार-सहा दिवस केलं, तर कोणाला अर्धं केळं चालतं आणि कोणाला अजिबात नाही, याचा अंदाज येतो. त्या आकड्यांचा अर्थ लावायला आहारतज्ज्ञ लागतो. तो जिल्ह्याच्या गावी असून भागणार नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्रीच्या सरकारी दवाखान्यात, मधुमेहाचे रुग्ण येतात त्या दिवशी तो बसलेला हवा. आणि एकेका रुग्णासाठी त्याच्याकडे निदान पंधरा मिनिटं हवीत.