लाकडी होड्यांची नोंदवही हवी

दरवर्षी सहलीचा विषय निघाला की विद्यार्थ्यांच्या तोंडी पहिले नाव मालवणचे येते. सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा, किनाऱ्यावर खेळायचे आणि परतताना आंबोलीला थांबायचे, असा बेत ठरलेलाच असतो. किल्ल्याची माहिती विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. तट किती लांब, बुरूज किती, बांधकाम कोणत्या साली सुरू झाले, हे सगळे लिहिले जाते. पण ज्या होडीतून आपण किल्ल्यात गेलो ती कशाची होती, कुणी बांधली, तशा होडीला तिथले लोक काय म्हणतात, हे कुणी विचारत नाही. आमच्या मते ही एक उणीव आहे आणि ती भरून काढणे आपल्या शाळेला सहज शक्य आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे सागरी किल्लेही आहेत. आपणा सर्वांना याचा आनंद झाला. पण सागरी किल्ला म्हणजे आरमाराचे घर. घर राहिले आणि घरातली माणसे गेली, अशी इथली गत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीकडे जहाजे बांधायला सुरुवात केली, पुढे आंग्र्यांनी ते आरमार वाढवले. त्यातली एकही गुराब किंवा गलबत आज आपल्याला पाहायला मिळत नाही. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरातच जळून गेले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते, ही गोष्ट आणखी क्लेशकारक. दगड उरला, लाकूड गेले. म्हणून आपला इतिहास दगडाचा लिहिला गेला आणि लाकडाचा राहून गेला.

ही जहाजे होती तरी कशी? गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची. तिची नाळ पुढे लांब निघालेली असे आणि तिथून तोफा समोर डागता येत. गलबत हलके. त्याला शिडाबरोबर चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला की गलबतेच गुराबांना ओढून नेत. शिबाड आणि पडाव हे व्यापाराचे, माल वाहणारे. मचवा त्याहून लहान. मासेमारीची होडी लहान आणि अरुंद असेल तर तिच्या एका बाजूला उलांडी बांधलेली असते, म्हणजे दोन आडव्या दांड्यांच्या टोकाला एक तरंगता ओंडका. त्यामुळे लाटेत होडी कलंडत नाही. एकाच झाडाचे खोड कोरून केलेली होडी वेगळी आणि फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून केलेली रापणीची होडी वेगळी. विद्यार्थी गाड्यांची नावे दुरून ओळखतात. होड्याही तशा ओळखता येतात, फक्त कुणीतरी एकदा दाखवून द्यायला हवे.

आता कुणी म्हणेल, आपण घाटमाथ्यावरची माणसे. राकसकोपचे पाणी आणि मार्कंडेय नदी एवढाच आपला पाण्याशी संबंध. समुद्राच्या होडीचे आपल्याला काय? याचे उत्तर आपल्या रस्त्यांवर आहे. बेळगाव-वेंगुर्ला हा रस्ता आज आपण बाजारासाठी आणि नोकरीसाठी वापरतो. पूर्वी रामघाटाने आणि नंतर आंबोलीच्या घाटाने वेंगुर्ले हे बेळगावचे बंदर होते. सतराव्या शतकात तिथे डचांची वखार होती. वरच्या मुलखातला माल खाली उतरायचा आणि मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढायचे. ते मीठ गलबतातून किंवा पडावातून आलेले असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्मागोव्याची रेल्वे झाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. तेव्हापासून आपले समुद्राकडचे लक्ष उडाले. पण आपल्या आजी-पणजीच्या मडक्यातले मीठ होडीनेच आले होते, हे विसरून कसे चालेल?

दुसरे उत्तर आपल्या जंगलात आहे. जहाज समुद्रावर चालते, पण जन्माला येते ते रानात. छत्रपतींच्या काळापासून कारभार पाहिलेले रामचंद्रपंत अमात्य यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र लिहिले. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आरमारासाठी सागासारखी झाडे तोडायची ती सरकारच्या परवानगीने, आणि आंबा-फणसाची झाडे रयतेने मुलांसारखी वाढवलेली असतात म्हणून त्यांना हात लावायचा नाही, असा त्याचा आशय आहे. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असेही त्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वी आरमाराची निकड असतानाही झाडाच्या मालकाची संमती विचारात घेतली गेली, ही गोष्ट पर्यावरणाच्या तासाला सांगण्यासारखी आहे. हे रामचंद्रपंत बावडेकर घराण्याचे. गगनबावडा आपल्यापासून फार लांब नाही.

सागाचे मोल इंग्रजांनाही कळले होते. सागात तेल असते. पाण्यात ते लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे सहसा गंजत नाहीत. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी सुतार १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तिथे जहाजे बांधली. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या जहाजावर १८४२ मध्ये इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज तर आजही आहे, इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात. तरंगत असलेली ब्रिटनची ती सर्वांत जुनी युद्धनौका मानली जाते. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कारागिरांनी केलेले काम पाहायला तिकडे तिकीट काढून लोक जातात. त्या देशात जुन्या नौकांची एक राष्ट्रीय नोंदवहीच आहे. नौका पन्नास वर्षांहून जुनी आणि साधारण तेहतीस फुटांहून लांब असली की तिचा त्या यादीसाठी विचार होतो. हजाराहून जास्त नौका त्या यादीत आहेत, त्यात मासेमारीच्या साध्या होड्याही आहेत. राजाचे जहाज आणि कोळ्याची होडी एकाच वहीत, ही गोष्ट आम्हाला फार आवडली.

आपल्याकडे नुकतेच एक चांगले काम झाले आहे. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातले एका जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात एक जहाज बांधले गेले. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. त्याचा कोणताही जुना आराखडा उपलब्ध नव्हता. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली शिलाई झाली आणि मद्रासच्या आयआयटीत प्रतिकृतीच्या चाचण्या झाल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर हे जहाज नौदलात दाखल झाले आणि त्याला ‘कौंडिण्य’ असे नाव मिळाले. त्याच्या शिडावर गंडभेरुंड आणि सूर्य आहेत. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारीत ओमानच्या मस्कत बंदरात पोचले. चित्र महाराष्ट्रातले, बांधणी गोव्याची, हात केरळचे आणि मुक्काम कर्नाटकातला. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून घेण्यासारखे बरेच आहे. होडीला दोरी लागते ती बांधून ठेवायला नव्हे, फळ्या जोडायला.

आपल्या अगदी शेजारचेही एक नाव जगभर फिरून आले आहे. नौदलाच्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. ही नौका गोव्यात दिवाडी बेटावर बांधली गेली. तिचा सांगाडा सीडारच्या लाकडी पट्ट्यांचा आणि वर फायबरचा लेप, म्हणजे जुन्या-नव्याचा मेळच. आणि म्हादेई नदी उगम पावते कुठे? आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात. ज्या नदीवरून आपण वर्तमानपत्रात फक्त भांडणे वाचतो, तिच्या नावाची नौका पृथ्वीला वळसा घालून आली, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे?

एक आक्षेप मात्र आम्ही गंभीरपणे घेतो. लाकडी होडी महाग पडते, दरवर्षी पावसाळ्यात ती वर ओढून ठेवावी लागते, तिला काजूच्या टरफलाचे किंवा माशाचे तेल लावावे लागते, फटी बुजवाव्या लागतात. फायबरची होडी हलकी आणि देखभालीला सोपी. मग कोळीबांधवांनी पोटाला चिमटा काढून जुनी होडी का सांभाळावी? त्यांनी ती सांभाळावी असे आम्ही म्हणतच नाही. ज्याचे पोट समुद्रावर आहे त्याने सोयीचे साधन घ्यावे. वारसा जपण्याचा भार गरिबाच्या खांद्यावर टाकून आपण टाळ्या वाजवणे योग्य नव्हे. पण होडी गेली तरी तिची माहिती जायला नको. होडी मोडून तिचे सरपण झाले तरी चालेल, तिला कुणी, कशी, कोणत्या लाकडाची बांधली हे कागदावर उरले पाहिजे. ही माहिती बहुतेक म्हाताऱ्या सुतारांच्या आणि तांडेलांच्या डोक्यात आहे. होडी गेल्यावर निदान तिचे लाकूड तरी दिसते, माणूस गेल्यावर त्याच्या डोक्यातले काही उरत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळेने एक जाड नोंदवही घ्यावी आणि प्रत्येक कोकण सहलीत इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी निदान पाच लाकडी होड्यांची नोंद करावी. होडीचे नाव काय, प्रकार कोणता, किती हात लांब, किती खंडी माल मावतो, लाकूड कोणते, फळ्या शिवलेल्या की खिळ्यांनी जोडलेल्या, कुठल्या गावच्या सुताराने बांधली, किती वर्षे पाण्यात आहे, शीड होते का आणि ते कधी उतरवले, एवढे प्रश्न पुरेत. नाळेचे चित्र हाताने काढावे. मालकाची परवानगी विचारूनच लिहावे आणि त्यांचा वेळ घेतला म्हणून आभार मानायला विसरू नये.

समुद्र नसेल तिथे नदी आहे. निपाणी भागात वेदगंगा आणि दूधगंगेवर पूल नव्हते तेव्हा नावाड्यांवरच सारी भिस्त होती. पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसे आजही कृष्णाकाठी भेटतात. कृष्णा-तुंगभद्रेवर बांबूची गोल टोपलीसारखी नाव चालते, तिला कन्नडमध्ये हरिगोलु म्हणतात. ज्यांचे नातलग त्या गावांत आहेत अशा विद्यार्थ्यांनी सुट्टीत ती माहिती आणावी. शब्द मराठी असो की कन्नड, ऐकला तसा लिहावा.

पालकांना विनंती अशी की घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा वेंगुर्ल्याच्या मिठाबद्दल विचारा आणि ते सांगतील ते मुलांना लिहू द्या. विश्वस्तांना विनंती अशी की सहलीचा एक तास किल्ल्याच्या खरेदीतून काढून विजयदुर्गजवळ गिर्ये येथील जुन्या गोदीसाठी ठेवावा. मराठा आरमाराची जहाजे जिथे दुरुस्तीला ओढली जात ती खडकातली जागा तिथे अजून आहे. या सगळ्याला एका वहीचा आणि एका तासाचा खर्च. दहा वर्षांनी त्या वहीत पन्नास होड्या जमल्या, तर घाटावरच्या एका शाळेकडे अशी नोंद असेल, जी पुढे कोकणातल्या माणसालाही येऊन वाचावीशी वाटेल.

येत्या सहलीच्या आधी वही आणून ठेवावी, एवढीच आमची मागणी आहे. पहिले पान विद्यार्थ्यांनी लिहावे.