डोळे विस्फारणारा 'तो' मीमवाला म्हातारा नक्की कोण? 1971 साली सुरू झालेल्या पेंटाग्रामची पूर्ण गोष्ट

2025 च्या सुरुवातीला हा माणूस तुमच्याही फीडमध्ये येऊन गेला असेल. पिंजारलेले पांढरे केस, अंगावर रॉकस्टारचे कपडे आणि भलेमोठे डोळे विस्फारून समोर रोखलेली नजर. ज्याला जे सुचलं ते कॅप्शन त्यानं टाकलं आणि क्लिप जगभर फिरली. आपण हसलो, दोन मित्रांना टॅग केलं आणि पुढे स्क्रोल केलं.

पण हा म्हातारा आहे कोण? आणि त्याच्या बँडचा नवा अल्बम नेमका त्याच वेळी आला होता, हे किती जणांना माहीत आहे?

तर हा माणूस आहे बॉबी लीबलिंग

अमेरिकेतल्या पेंटाग्राम या बँडचा हा गायक. हेच नाव असलेले दोन बँड चिली आणि तुर्कस्तानातही आहेत, त्यामुळं सर्च करताना गोंधळ होतो. आपला विषय आहे तो 1971 साली व्हर्जिनियात, म्हणजे वॉशिंग्टन शहराच्या शेजारी सुरू झालेल्या पेंटाग्रामचा.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1970 मध्ये, इंग्लंडच्या ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला होता. संथ लय, जड गिटार आणि अंगावर येणारा अंधार. या वाटेनं पुढे जे संगीत तयार झालं त्याला 'डूम मेटल' म्हणतात. अमेरिकेत ही वाट पाडणाऱ्या सुरुवातीच्या बँडमध्ये पेंटाग्रामचं नाव घेतलं जातं. ब्लॅक सबाथचा ऑझी जगभर घराघरात पोहोचला. पेंटाग्राम मात्र अंडरग्राउंडच राहिला.

असं का झालं?

1971 मध्ये सुरू झालेल्या या बँडचा पहिला पूर्ण अल्बम आला थेट 1985 साली. म्हणजे तब्बल 14 वर्षांनी. मधल्या काळात होते ते डेमो, एखाद-दुसरं सिंगल आणि हुकलेल्या संधी. 1975 च्या सुमारास किस या गाजलेल्या बँडचे जीन सिमन्स आणि पॉल स्टॅनली यांची तालीम ऐकायला आले होते, पण त्यातून काही घडलं नाही. वादक येत गेले, जात गेले. टिकून राहिला तो लीबलिंग. आणि त्याला चिकटून राहिलं त्याचं ड्रग्जचं व्यसन.

2002 साली सत्तरच्या दशकातली जुनी रेकॉर्डिंग्ज 'फर्स्ट डेज हिअर' नावानं एकत्र आली आणि नव्या पिढीनं हा बँड शोधून काढला. पुढे 2011 मध्ये 'लास्ट डेज हिअर' ही डॉक्युमेंट्री आली. पन्नाशी ओलांडलेला लीबलिंग म्हाताऱ्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात राहतोय, हेरॉइन आणि क्रॅकनं पोखरलाय आणि एक चाहता त्याला पुन्हा स्टेजवर उभं करायला धडपडतोय, अशी ही गोष्ट. शेवट आशेचा. बघणाऱ्याला वाटलं, सुटला बाबा एकदाचा.

नवा अल्बम कसा आहे?

31 जानेवारी 2025 ला 'लाइटनिंग इन अ बॉटल' आला. त्याआधीचा अल्बम होता 2015 चा, म्हणजे मध्ये जवळपास 10 वर्षं गेली. यावेळी लीबलिंगसोबत पूर्ण नवी टीम आहे. गिटारवर टोनी रीड, बासवर स्कूटर हॅस्लिप आणि ड्रम्सवर हेन्री वास्केझ.

डूम म्हटलं की आपण संथ, रडका आवाज गृहीत धरतो. इथं मात्र सत्तरच्या दशकातला रॉक अँड रोल ठासून भरलाय. सरळ रिफ, झुलता ठेका आणि छोटी गाणी. 71 वर्षांच्या गळ्याचा खरखरीतपणा झाकायचा फार प्रयत्न नाही आणि तीच या अल्बमची ताकद आहे. पहिल्या गाण्याचं नाव 'लिव्ह अगेन', म्हणजे पुन्हा जगणं. एका गाण्याचं नाव तर थेट 'लेडी हेरॉइन'. आयुष्यभर ज्या व्यसनानं छळलं, त्याचं नाव घेऊन हा माणूस गातोय.

गंमत बघा, मीममध्ये यातलं काहीच पोहोचलं नाही. बऱ्याच जणांनी क्लिप म्यूटवर पाहिली, कुणी वर दुसरंच गाणं चढवलं. जो माणूस 54 वर्षं 'मला ऐका' म्हणत होता, तो अखेर जगप्रसिद्ध झाला तो डोळ्यांमुळं.

पण विषय इथं संपत नाही

2017 साली लीबलिंगला मेरीलँडमध्ये अटक झाली. प्रकरण होतं स्वतःच्या वृद्ध आईला मारहाण केल्याचं. त्यानं कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला 18 महिन्यांची शिक्षा झाली. तो तुरुंगात असताना गिटारिस्ट व्हिक्टर ग्रिफिननं गायची जबाबदारी घेतली. शिक्षा भोगून लीबलिंग परतला आणि बँड पुन्हा त्याच्याभोवती उभा राहिला.

आता ती डॉक्युमेंट्री पुन्हा आठवा. ज्या घरानं त्याला सांभाळलं, त्याच घरातली ही आई. 2011 मध्ये सगळ्यांचं लक्ष 'तो वाचेल का' याच्यावर होतं. त्याच्यासोबत राहणाऱ्यांचं काय होतंय, हा प्रश्न मागेच राहिला. सहा वर्षांनी त्याचं उत्तर कोर्टात मिळालं.

डॉक्युमेंट्रीनं त्याला हिरो केलं, मीमनं गमतीशीर आजोबा. दोन्हीकडं त्याची आई फ्रेमच्या कडेला किंवा फ्रेमबाहेर राहिली. काही सेकंदांच्या क्लिपमध्ये एक चेहरा मावतो. त्या चेहऱ्यामागं कुणी सोसलं, ते मावत नाही.

मग ऐकायचं की नाही?

याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असेल. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला काम करायचा हक्क आहे, असं कुणी म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. हे कळल्यावर माझ्यानं ऐकवत नाही, असं कुणी म्हणेल आणि तेही चूक नाही. पण दोन्ही निर्णय माहिती असेल तरच घेता येतात. गाणी चांगली आहेत म्हणून गुन्हा पुसला जात नाही आणि गुन्हा घडला म्हणून 1971 पासूनचं संगीत बेसूर होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

त्यामुळं ती क्लिप पुन्हा समोर आली तर निदान आवाज चालू करून बघा. आणि कुणी कमेंटमध्ये 'किती क्यूट आजोबा' लिहिलं, तर त्याला 2017 ची गोष्टही सांगा.