सहलीला नावं ठेवू नका, पोरांना पाणी शिकवा

"शिकायला पाठवलं होतं की समुद्रावर लोळायला?"

परदेशात शिकणारं आपलं पोर समुद्रात बुडाल्याची बातमी आली, की हा प्रश्न ठरलेला. मृतदेह अजून गावी पोचलेला नसतो, आईच्या पोटात अन्न नसतं, आणि इकडे पारावर निकाल लागलेला असतो. माज केला, भोगलं. मंडळी, हा निकाल क्रूर तर आहेच, वर चुकीचाही आहे.

ऑस्ट्रेलियाचंच घ्या. तिथे विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. म्हणजे दिवसा लेक्चर आणि रात्री हॉटेलात भांडी नाहीतर दुकानात माल लावणं. २६ जानेवारीला आपल्यासारखी तिकडेही सुट्टी असते, 'ऑस्ट्रेलिया डे'ची. ती शनिवार-रविवारला जोडून आली की तीन दिवस मोकळे मिळतात. तिकडे तेव्हा भर उन्हाळा. चार मित्र वर्गणी काढून गाडी भाड्याने घेतात, घरूनच पुलाव करून नेतात आणि समुद्र बघायला जातात. यात माज कुठे दिसला? जोडून सुट्टी आली की आपणही दिवेआगर, गणपतीपुळे गाठतोच की!

समुद्र माज बघून ओढत नाही. १७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरॉल्ड होल्ट शेविअट बीचवर पोहायला उतरले आणि परत आलेच नाहीत. पदावर असलेला पंतप्रधान, पोहण्याचा शौकीन माणूस, त्याचा मृतदेहसुद्धा मिळाला नाही. २४ जानेवारी २०२४ ला, सुट्टीच्या दोन दिवस आधी, व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंडवर भारतीय वंशाच्या एकाच कुटुंबातले चार जण गेले. त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांचा पहारा नव्हता. आणि लांब कशाला, १ फेब्रुवारी २०१६ ला आपल्या मुरुडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ते तर परदेशातही नव्हते.

मुळात घाटावरच्या माणसाला समुद्र माहीतच नाही. आमची पिढी पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकली. पण विहिरीला ओढ नसते. किनाऱ्यावर लाटांनी आलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेनं जोरात मागे फिरतं, त्याला 'रिप करंट' म्हणतात. फसवणूक अशी, की त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं. नवखा माणूस "इथे बरं आहे" म्हणून नेमका तिथेच उतरतो. मग आत ओढला गेला की घाबरून सरळ किनाऱ्याकडे हात मारतो, दमतो आणि बुडतो. प्रवाहाशी भांडायचं नसतं. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहून लाटा फुटतात त्या बाजूला निघायचं.

तिथे साधा नियम आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, कारण तेवढ्याच भागावर जीवरक्षकांची नजर असते. झेंडे नाहीत तर पाण्यात उतरायचं नाही. दहा हजारांहून जास्त किनारे आहेत त्या देशात, आणि बहुतेकांवर पहारा नसतो. तिथल्या मुलांना हे लहानपणापासून शिकवतात. आपल्या मुलांना कोण सांगतं?

कन्सल्टन्सीवाले लाखांत फी घेतात. बँकेचं कर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची फाईल, बॅगेत किती किलो चिवडा चालतो, सगळं सांगतात. झेंड्यांबद्दल पाच मिनिटं बोलायला काय जातं? नगरपालिकांना विचारा. किती तालुक्यांच्या गावी सर्वसामान्यांच्या पोरीला पोहायला शिकता येईल असा तलाव चालू आहे? कमानी उभारायला पैसा असतो, तलावात पाणी भरायला नसतो. शाळांनाही विचारा, खेळाच्या तासाला पोहणं कधी येणार?

आणि आपण पालक? आपल्या टोमण्यांचा परिणाम एवढाच, की पोरं सहल लपवतात. फोनवर "लायब्ररीत आहे" म्हणतात आणि निघतात दोनशे किलोमीटरवरच्या अनोळखी किनाऱ्याला. कुठे गेलेत ते घरच्यांना माहीतच नसतं, मग सावध कोण करणार?

तेव्हा पुढच्या वेळी पोरगं म्हणालं, "आई, मित्रांबरोबर बीचवर चाललोय," तर "अभ्यास झाला का?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, "तिथे झेंडे लावलेत का रे? जीवरक्षक आहेत का? तिकडचा मदतीचा नंबर ००० माहीत आहे ना?" आणि मग म्हणा, "जा, मजा कर, पोचलास की फोटो पाठव."

ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि आपल्या नगरसेवकाला तलावाचं विचारायला विसरू नका.