ताळेबंदातील दोन रकाने

कंपनीचा वार्षिक अहवाल आला की बहुतेक भागधारक लाभांशाचा आकडा पाहून तो मिटून ठेवतात. चोखंदळ गुंतवणूकदार मात्र आधी ताळेबंद उघडतो. तेथे यंदाचे आणि गेल्या वर्षीचे आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात.

विक्री १० टक्के वाढली आणि ग्राहकांकडील येणी ४० टक्के, तर माल उधारीवर खपवला जात असावा. साठा विक्रीपेक्षा वेगाने फुगला, तर माल गोदामात पडून असण्याची शक्यता असते. कर्ज वाढले असेल, तर त्यातून नवी यंत्रे आली की जुनी देणीच भागली, हे पाहावे.

नुसत्या शिलकीवरही भाळू नये. ‘सत्यम कॉम्प्युटर’च्या ३० सप्टेंबर २००८च्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोख व बँकशिल्लक होती. त्यातील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, अशी कबुली अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी दिली. त्याच दिवशी शेअरचा भाव तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला.

म्हणूनच शिल्लक वाढली की एवढा पैसा बाळगून कंपनी करते काय, हे विचारावे. समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर शेअर कितीही स्वस्त वाटला तरी घरची पुंजी त्यात घालू नये.