फोन हवाच, पण मागोमाग पाऊलही हवे

— द्वितीय वर्ष, कला

आजचे युग विज्ञानाचे आहे, असे आपण निबंधांतून नेहमी लिहितो. या विज्ञानाने आता रुग्णाच्या उशाशी फोन आणून ठेवला आहे. रुग्ण घरी आणि विचारपूस फोनवर! ही सोय आम्हां न्हावा-शेव्याकडच्या लोकांना कितपत तारील?

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा सौम्य लक्षणांच्या रुग्णांना घरीच ठेवून रोज फोनवर त्यांची चौकशी करावी, असे ठरले. मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांत ‘वॉर रूम’ उघडल्या. घरोघर डॉक्टर पाठवणे अशक्यच होते. तिथे फोनने मोठे काम केले, हे मान्य केलेच पाहिजे.

पण फोनवर खरे कोण सांगतो? आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला काहीही विचारा, ‘बरा हाय’ हेच उत्तर. लेकाचा खाडा होऊ नये, रिक्षाभाडे पडू नये, म्हणून दुखणे गिळायचे. शिवाय कित्येक घरांत फोन एकच. मुलगा बंदरात पाळीला गेला की फोनही त्याच्या खिशातून जातो. मग चौकशी होते ती आजाऱ्याची की त्याच्या मुलाची?

कोरोनात रक्तातला प्राणवायू ९४ टक्क्यांखाली उतरूनही काही रुग्णांना धाप लागत नसे. फोनवर ते नीट बोलत. त्यांचा धोका बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरनेच ओळखला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक हेच यंत्र घेऊन दारोदार फिरले. त्याआधी, १९९०च्या दशकात, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना शिकवून तयार केले. घरी जाऊन त्या बाळाचे श्वास मोजत. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. हे काम नुसत्या फोनने झाले असते काय?

म्हणून माझे म्हणणे असे : फोन जरूर करा, पण रुग्णाशीच आणि त्याच्या बोलीत बोला. ‘बरे आहे ना?’ असे विचारू नका. ‘सकाळी किती भाकरी खाल्ली? मोरीपर्यंत एकटे गेलात का?’ असे विचारा. ताप, रक्तदाब, साखर यांचा आकडा मागा आणि तो मोजण्याचे साधन घरात द्या. आकडा बिघडला किंवा फोन उचललाच नाही, तर त्याच दिवशी आशाताई दारात आली पाहिजे. आज तिला पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. या फेरीचाही योग्य मोबदला तिला मिळावा. नाहीतर फोनचा खर्च वाचेल सरकारचा आणि भार पडेल तिच्या पायांवर.

१२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि शिवडी आम्हांला २१.८ किलोमीटरवर आली. समुद्रावर एवढा पूल बांधता येतो. मग आरोग्य केंद्रापासून आजाऱ्याच्या खाटेपर्यंत एक माणूस पाठवणे का जमू नये?