चार आण्याचा सरडा

हौसेला मोल नसतं, असं आपण म्हणतो. मला वाटतं, मोल असतं. ते पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही इतकंच. आणि पुष्कळदा हौस एकाची असते, मोल मोजतो दुसराच.

हे सगळं डोक्यात आलं ते इग्वाना या सरड्यामुळे. हा मूळचा मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या रानातला. पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती पोळी. आता तो आपल्याकडच्या फ्लॅटमध्येही पाळला जातो. आमच्या आठवीतल्या नातवाने तो मित्राकडे पाहिला आणि त्याला तो हवाच झाला. "आजी, तो नुसता पाला खातो गं, खर्चच नाही!" हा त्याचा बिनतोड मुद्दा.

मी मराठीची शिक्षिका, पण खालच्या वर्गांना गणितही शिकवलंय. म्हटलं, बस, हिशोब मांडू.

पिल्लू वीतभर लांब असतं, तळहातावर मावतं. नीट वाढलं तर शेपटीसकट पाच-सहा फूट होतं आणि पंधरा-वीस वर्षं जगतं. म्हणजे काचेची छोटी पेटी लवकरच निरुपयोगी. त्याला माणूस उभा राहील एवढा उंच पिंजरा लागतो, चढायला जाड फांद्या लागतात. आठ फूट बाय पाच फूट धरले तरी झाले ४० चौरस फूट. आता तुमच्या भागातला चौरस फुटाचा भाव घ्या आणि गुणाकार करा. मुंबई-पुण्यात तर हा सरडा जन्मभर बिनभाड्याचा पोटभाडेकरू!

पुढे दिवे. सरड्याचं रक्त आपल्यासारखं आतून गरम राहत नाही, त्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. शिवाय अतिनील किरण लागतात. ते नसले तर 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही, अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडून वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन इथे चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. ऊब देणारा दिवा १०० वॉटचा आणि किरणांची नळी ४० वॉटची धरू. दोन्ही रोज १२ तास. वर्षाला झाले सुमारे ६१३ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ६,१३०. पंधरा वर्षांचे जवळजवळ ९२ हजार. उन्हाळ्यात थोडे वाचतील, कबूल. पण ही नळी दिसायला लख्ख पेटत राहते आणि किरण मात्र केव्हाच कमी झालेले असतात. त्यामुळे सहा महिन्यांनी-वर्षाने ती बदलावी लागते, तो खर्च वेगळाच.

राहिला पाला. नुसता पालक घालून भागत नाही, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला अडवून धरतं. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा असं पालटून पालटून रोज चिरून द्यायचं. रोज म्हणजे दिवाळीतही, लग्नसराईतही. चार दिवस गावाला जायचं तर शेजारणीला काय सांगणार, "तेवढं दूध घ्या आणि सरड्याला पाहा"? आजारी पडला तर गाई-म्हशींचा डॉक्टर उपयोगाचा नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला शोधायचा, आणि असे मोठ्या शहरांतसुद्धा थोडेच.

आता खरा प्रश्न. मुलगा आज तेरा वर्षांचा. पाच वर्षांत तो शिकायला बाहेरगावी जाईल. सरड्याची दहा वर्षं तेव्हाही बाकी असतील. पाला कोण चिरणार? आई-बाप नोकरीवर, म्हणजे मी. मी आज चौऱ्याहत्तर वर्षांची. शिवाय या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि पासष्टीपुढच्या माणसांनी त्यांच्यापासून लांब राहावं, असं डॉक्टर सांगतात.

मग नकोसा झालेला सरडा जातो कुठे? अमेरिकेतल्या फ्लोरिडात याचं उत्तर दिसतं. पाळलेले सुटले, काही लोकांनीच सोडले, आणि तिथल्या उबदार हवेत त्यांची संख्या बेसुमार वाढली. बिळं करून ते कालव्यांचे काठ पोखरतात. जानेवारी २०२० मध्ये थंडी पडली तेव्हा गारठलेले इग्वाना झाडावरून पडतील, असा इशारा मायामीच्या हवामान कार्यालयाने दिला होता. २०२१ मध्ये त्या राज्याने ते नव्याने पाळायलाच बंदी केली. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण तिथे कुंपणच उरलं नाही!

आपल्याकडे घोरपड पाळणं हा गुन्हा आहे. इग्वाना परदेशी, म्हणून त्याचा नियम वेगळा. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची सरकारकडे नोंदणी करावी लागते. चांगलंच झालं. पण कागद झाला म्हणून ऊब मिळत नाही.

काही जण हे सगळं समजून, निगुतीने सांभाळतात. त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. माझं म्हणणं एवढंच, की पिल्लू विकताना दुकानदाराने तीन गोष्टी लिहून द्याव्यात: किती वाढेल, किती जगेल, वर्षाला किती खर्च येईल. आणि घेणाऱ्या घराने खाली चौथी ओळ लिहावी: मुलगा घर सोडून गेल्यावर सांभाळणार कोण? त्या ओळीपुढे नाव लिहिता आलं तरच खिशात हात घालावा.

आमच्या घरचा कागद अजून टेबलावर आहे. चौथी ओळ कोरी आहे. तुमच्यापैकी कुणी इग्वाना सांभाळला असेल तर माझा हिशोब कुठे कमी पडला ते जरूर कळवा. बहुधा आकडा वाढेलच!